सवलतीचा प्रवास : यात्रेकरूंनी घ्यावयाची दक्षता

तीर्थयात्रेचा संकल्प श्रद्धेने होतो. तो सिद्धीस जातो तो काटेकोर नियोजनाने. अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे थोडी थोडी रक्कम बाजूस ठेवून यात्रेस निघतात. प्रवास कमी खर्चात घडावा, ही त्यांची इच्छा सर्वथा योग्य आहे. मात्र स्वस्त दराच्या बदल्यात आपण काय सोडून देत आहोत, हे भाविकांस आधी ठाऊक असावे.

सवलत कशी मिळते?

विमान सुटले की त्यातील रिकाम्या आसनाचे मोल शून्य होते. रात्र सरल्यावर रिकाम्या राहिलेल्या खोलीचेही तसेच. परंतु जाहीर दर उतरविल्यास पूर्ण दर देणारे ग्राहकही स्वस्ताईची वाट पाहत थांबतील, अशी भीती कंपन्यांना असते. म्हणून नाव झाकून विक्री करण्याची पद्धत निघाली. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेल्या प्राइसलाइन या कंपनीने ती रूढ केली. प्रवाशाने तारीख व ठिकाण सांगावे. विमान कोणाचे आणि नेमके किती वाजता सुटणार, हे पैसे भरल्यावरच कळावे, असा तो व्यवहार होता. अशी खरेदी सहसा रद्द करता येत नाही.

यात फसवणूक नाही, कारण विकणारा माहीत असतो व अटी आधी सांगितलेल्या असतात. तथापि यात्रेकरूची अडचण निराळी आहे. सहलीची वेळ मागेपुढे करता येते, एकादशीची तिथी करता येत नाही. गुडघेदुखीने त्रस्त वृद्धांस मंदिरापासून दूरची खोली मिळाल्यास वाचलेले पैसे रिक्षाभाड्यात जातात. अशा वेळी निश्चित वेळेचे तिकीटच हितावह ठरते.

वाहन अनोळखी की विक्रेता अनोळखी?

हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. वाहनाचे नाव झाकलेले असले तरी जबाबदार कोण हे कळत असेल, तर तो सौदा आहे. जबाबदार कोण हेच कळत नसेल, तर तो धोका आहे. केदारनाथच्या हेलिकॉप्टर सेवेची तिकिटे २०२३ पासून आयआरसीटीसीच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळू लागली. तरीही बनावट संकेतस्थळांवर पैसे भरून भाविक फसल्याचे प्रकार घडले.

पैसे भरण्यापूर्वी भाविकांनी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. विक्रेत्याचे नाव, पत्ता व पक्की पावती मिळते काय?
२. यात्रा रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल, हे लेखी आहे काय?
३. रक्कम संस्थेच्या खात्यात जाते की एखाद्या व्यक्तीच्या?
४. ‘आजच भरा’ अशी घाई केली जात आहे काय?

ऑनलाइन फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. सेवेत कसूर झाल्यास ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यातही दाखल करता येते.

जी सवलत उघड आहे, तिचा लाभ प्रथम घ्यावा. राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांतून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांस ऑगस्ट २०२२ पासून राज्यात विनामूल्य प्रवास, तर महिलांस मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट लागू झाले. येथे वाहनही ओळखीचे आणि जबाबदारीही स्पष्ट.

प्रवासाची चिंता मागे राहिली, तरच दर्शनाच्या रांगेत चित्त स्थिर राहते.