सल्ले सगळे बरोबर, तरी पोरगी दवाखान्यात

माझ्या मुलीच्या वाट्याला माणसं चांगली आली. शाळेतले सर, आशाताई, रक्ताचे डॉक्टर, हाताचा व्यायाम घेणाऱ्या मॅडम, सगळे मन लावून काम करणारे. तरीही तिला पुन्हा पुन्हा भरती करावं लागलं, कारण एकानं काय सांगितलं ते दुसऱ्याच्या कानावर गेलेलं नसायचं.

तिला सिकलसेल आहे, एसएस, म्हणजे नुसती वाहक नव्हे, प्रत्यक्ष आजार. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे हे नाव समजावून सांगावं लागत नाही. वाहक तर नात्यागोत्यात निघतातच. पण हिला लहान वयात पक्षाघाताचा झटकाही आला. सिकलसेलमध्ये तो मुलांनाही येतो. तेव्हापासून डावा हात कमजोर. म्हणजे रक्ताची फाईल वेगळी, हाताची वेगळी, आणि शाळेच्या हजेरीपटावर नुसतंच ‘वारंवार गैरहजर’.

रोवणीचे दिवस होते, पाऊस लागून राहिलेला. तिचा गुडघा ठणकत होता. व्यायामाच्या ठिकाणी त्यावर बर्फाची पिशवी ठेवली. मुरगळलेल्या पायाला बर्फ लावतातच, त्यात गैर काही नाही. पण सिकलसेलच्या मुलाला गारठा चालत नाही. रक्तवाहिन्या आकसतात, विळ्यासारख्या झालेल्या पेशी अडकतात, कळा सुरू होतात. त्या रात्री ती ज्या आवाजात ओरडली, तो आवाज शेजाऱ्यांनाही झोपू देईना. तिला लागत होता तो गरम शेक. व्यायामाच्या कागदावर ‘डावा हात’ एवढंच लिहिलेलं होतं.

दुसरं पाण्याचं. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी पाजा. या आजारात मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे मूल सारखं लघवीला जातं. शाळेत तास चालू असताना बाहेर सोडत नसत. शिस्त म्हणून ठीक. पोरीनं आपल्यापुरता तोडगा काढला: शाळेत पाणी प्यायचंच नाही. बाटली भरलेली जायची, भरलेली यायची. मला वाटायचं, शाळेतच भरून घेते.

तिसरी ती गुलाबी गोळी. प्राथमिक शाळेत दर आठवड्याला लोहाची गोळी देतात, आणि रक्त कमी असणाऱ्या असंख्य मुलांना तिचा उपयोग होतो. पण हिला रक्त चढवलेलं. चढवलेल्या प्रत्येक पिशवीबरोबर शरीरात लोह साठत जातं. म्हणून डॉक्टरांनी लोह बंद करून फक्त फॉलिक ॲसिड ठेवलं होतं. तिनं वर्गात सांगितलंही, ‘मला नाही चालत.’ गोळी चुकवायला मुलं असं म्हणतातच, तेव्हा कोण ऐकणार?

आता ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांना सांगते. जाड फाईल कोणी उघडत नाही. एकच पान करा, मराठीत, मोठ्या अक्षरात. आजार कोणता, रोजची औषधं कोणती, काय द्यायचं नाही (बर्फ, आणि डॉक्टरांनी बंद केलं असेल तर लोह), पाणी आणि लघवीची सूट, कडक उन्हात धावायला लावू नये. खाली धोक्याच्या खुणा: 101 च्या वर ताप, दम लागणे, छातीत दुखणे, अचानक एका बाजूची शक्ती जाणे किंवा बोबडी वळणे. यातलं काहीही दिसलं की उद्याची वाट पाहायची नाही. या पानावर डॉक्टरांची सही घ्या. आईबापाच्या अक्षराला शाळेत वजन नसतं, हे कडू असलं तरी खरं आहे.

मग हे पान दाखवायला माणसं गोळा कशी करायची? ती आधीच गोळा होत असतात. दर महिन्याला अंगणवाडीत ग्राम आरोग्य व पोषण दिन असतो. नर्सबाई, आशाताई, अंगणवाडीताई एका खोलीत सापडतात. मुख्याध्यापकांना त्या दिवशी बोलावून घ्या. गट साधन केंद्राच्या विशेष शिक्षकांनाही निरोप द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, अंगणवाडीत दोनदा. त्यांच्या हाती हेच पान द्या. हा कार्यक्रम 2013 पासून आहे आणि 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ एका छपराखाली बसावेत, अशी योजनाच आहे. छप्पर एक असलं तरी बोलणं आपसूक होत नाही. ‘साहेब, पलीकडच्या खोलीत जरा सांगता का,’ असं म्हणायला लाजू नका.

दिव्यांग प्रमाणपत्रही काढून ठेवा. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे. आपल्या नागपूरचे संपत रामटेके सिकलसेलग्रस्तांसाठी आयुष्यभर झटले, 2018 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. अशा माणसांनी खस्ता खाल्ल्या म्हणून हा आजार सरकारदरबारी दिसू लागला.

आणि गुरुजी, मॅडम, डॉक्टर, तुम्हालाही एक विनंती. आमच्या पोरांना काही नवं सुरू करताना किंवा बंद करताना त्या पानावर दोन ओळी लिहा, तारीख टाका आणि स्वतःचा फोन नंबर द्या. दुसऱ्याला विचारायचं झालं, तर तो तुम्हालाच विचारू दे. आमच्या तोंडून ऐकलेला निरोप प्रत्येक दारी थोडा बदलत जातो.