मूठभर नमुना काय सांगतो?

मुंबईच्या हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्थानकाला ज्या कापसामुळे नाव मिळाले, त्याच्या गाठींच्या थप्प्या एके काळी तेथील वखारींत रचलेल्या असत. गाठीचा भाव ठरवण्यासाठी सारी गाठ उलगडावी लागत नसे. मूठभर कापूस ओढून काढायचा, बोटांत धरून त्याचा रंग व तंतूंची लांबी पाहायची, की गाठीची प्रत कळे. नमुन्यावरून संपूर्ण वस्तूची पारख करण्याची ही रीत शास्त्रज्ञही वापरतात. खेळाडूंची उत्तेजक चाचणी हे तिचेच एक उदाहरण.

खेळाडूच्या लघवीचा नमुना ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्यांत विभागून मोहोरबंद करतात. बाटलीवर नाव नसते, केवळ क्रमांक असतो. ‘अ’ बाटलीत निषिद्ध द्रव्य आढळले, तर खेळाडूला ‘ब’ बाटली तपासण्याची मागणी करता येते.

प्रयोगशाळेत नमुन्यातील घटक वायुरूपात एका लांब, बारीक नळीतून सोडतात. प्रत्येक घटक आपापल्या वेळी दुसऱ्या टोकाला पोहोचतो. तेथे त्याच्या रेणूंवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून आयन बनवतात. चुंबकीय क्षेत्रातून जाताना हलका आयन अधिक वळतो, जड आयन कमी वळतो. या तत्त्वावर आयनांचे वस्तुमान मोजणारे उपकरण म्हणजे वस्तुमान-वर्णपटमापक. आपल्या शरीरात तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा रेणुभार सुमारे २८८ आहे. स्नायू वाढवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या मेथॅनडायनोन या कृत्रिम स्टेरॉइडाचा सुमारे ३००. फरक १२ चा, म्हणजे एका कार्बन अणूचा! उपकरणाला तेवढा पुरतो. औषधापासून शरीरात जे नवे पदार्थ बनतात, तेही अशाच रीतीने ओळखता येतात.

हे मोजमाप किती सूक्ष्म असते? एका मिलिलिटरमध्ये काही नॅनोग्रॅम द्रव्य असले तरी ते सापडते. एका मिलिलिटरला एक नॅनोग्रॅम म्हणजे दहा लाख लिटर पाण्यात एक ग्रॅम. ऑलिंपिकच्या पोहण्याच्या तलावात सुमारे २५ लाख लिटर पाणी असते. त्यात अडीच ग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्ध्या चमच्याहून थोडी अधिक साखर विरघळवली, तर हे प्रमाण येईल.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. तीन वेळा ‘महाराष्ट्र केसरी’ ठरलेले मुंबईचे मल्ल नरसिंग यादव २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ७४ किलो गटात उतरणार होते. २५ जून व ५ जुलै रोजी घेतलेल्या त्यांच्या नमुन्यांत मेथॅनडायनोन आढळले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मुद्दाम मिसळले, असे त्यांचे म्हणणे होते. राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या, म्हणजे ‘नाडा’च्या, समितीने ते मान्य करून १ ऑगस्टला त्यांना निर्दोष ठरवले. जागतिक संस्थेने, म्हणजे ‘वाडा’ने, या निर्णयाविरुद्ध क्रीडा लवाद न्यायालयात अपील केले. पहिल्या नमुन्यातील प्रमाण इतके मोठे आहे, की ते पेयात मिसळलेल्या भुकटीने नव्हे, तर एक-दोन गोळ्या पोटात गेल्यानेच येईल, अशी तज्ज्ञांची साक्ष झाली. घातपाताचा खरा पुरावा पुढे आला नाही, असे सांगून १८ ऑगस्टला न्यायालयाने चार वर्षांची बंदी घातली.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्या. उपकरण फक्त ‘काय’ आणि ‘किती’ एवढेच सांगते. ‘कसे’ हे त्यावरून तर्काने काढावे लागते. आणि नियम असा, की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. ते नकळत आले, हे त्यानेच दाखवून द्यायचे.

नरसिंग यादव यांच्या नमुन्याची निदान तपासणी तरी झाली. कॉटन ग्रीन, काळाचौकी, लालबाग या भागांतल्या एखाद्या व्यायामशाळेत संध्याकाळी घाम गाळणाऱ्या हौशी मुलापर्यंत ही मोहोरबंद बाटली सहसा पोहोचत नाही. म्हणून त्याला धोका कमी आहे का? उलट अधिक आहे. वर सांगितलेला तो जादा कार्बन आठवा. त्याच्यामुळे यकृताला हे औषध लवकर मोडता येत नाही. म्हणूनच ते गोळीच्या रूपाने घेतले तरी लागू पडते, आणि म्हणूनच यकृताला इजाही करते. रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढते, हृदयावर ताण येतो, शरीराचे स्वतःचे संप्रेरक बनणे मंदावते. वाढीच्या वयात तर हाडांच्या टोकांची वाढ वेळेआधी थांबून उंची कायमची खुंटू शकते. स्पर्धेतील बंदी चार वर्षांनी संपते. खुंटलेली उंची परत मिळत नाही.

तेव्हा डब्यावर घटकांची नावे नसलेली भुकटी, कोणी ‘ताकदीची’ म्हणून हातावर ठेवलेली गोळी किंवा सुई घेण्यापूर्वी ‘यात काय आहे आणि किती आहे?’ हे दोन प्रश्न विचारा. उत्तर मिळाले नाही, तर ती वस्तू परत करा. उत्तर मिळाले, तर ते डॉक्टरांना दाखवून मगच ठरवा.

करून पाहा : एका औषधाचे शरीरातील अर्धायुष्य ४ तास आहे असे धरा. ५ मिलिग्रॅमच्या गोळीपैकी दोन दिवसांनी किती औषध उरेल? ते नॅनोग्रॅममध्ये मांडा आणि उपकरणाच्या सूक्ष्मतेशी ताडून पाहा. (उत्तर : सुमारे १,२०० नॅनोग्रॅम.)