रोज एक पान

गेल्या वर्षी जुलैत मी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्याच पानावर ठराव लिहिला : 'रोज दोन तास लेखन.' नवव्या दिवशी ठराव बारगळला. वही ट्रंकेत गेली. आपल्याजवळ प्रतिभा नाही, असे म्हणून मी मोकळा झालो.

खरा लेखक एका बैठकीत लिहितो, ही माझी समजूत. दाखलाही तयार होता. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिली. पण त्याआधीचा इतिहास मला ठाऊक नव्हता. १९२४ पासून सहा वर्षे गुरुजी अमळनेरला शिक्षक होते. तेथील वसतिगृहाच्या मुलांसाठी ते 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक काढीत. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केले. त्या पाच दिवसांच्या मागे रोजच्या लिहिण्याची अशी कित्येक वर्षे होती.

हे वाचल्यावर वही पुन्हा काढली. अनुभवाने चार गोष्टी कळल्या, त्या मित्रांपुढे ठेवतो.

पहिली, मापाची. दोन तास नकोत, एक पान पुरे. रात्रीच्या जेवणानंतरची वीस मिनिटे, तीच जागा.

दुसरी, विषयाची. 'देशापुढील समस्या' लिहू गेलो की पेन अडते. आज मेसमध्ये भाकरी का कमी पडली, हे लिहिताना पान अपुरे पडते.

तिसरी, त्याच रात्री खाडाखोड करू नये. रविवारी सात पाने एकत्र वाचावीत. चुका आपोआप दिसतात.

चौथी, खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी दोन पाने लिहून भरपाई करू नये. माझी पहिली सवय त्या ओझ्यानेच मोडली.

आता या खटाटोपाचा उपयोग काय? आमच्या घरात लिहिणे म्हणजे कागदावर अंगठा किंवा सही. मलाही ते परीक्षेपुरतेच वाटे. दिवाळीच्या सुट्टीत आईने विचारले, "रोज काय लिवतोस रं?" मी पेरणीचे पान वाचून दाखविले. त्यात बाबा तिफण हाकतात आणि बाबाच चाड्यावर मूठ धरतात, असे लिहिले होते. आई म्हणाली, "मूठ तुझ्या बापाची नव्हती, माझी व्हती."

लहानपणापासून मी ते पाहत आलो होतो. तरी लिहिताना आईला विसरलो. त्या रात्री पान नव्याने लिहिले. रोज लिहीत नसतो, तर ही चूक माझ्या मनात तशीच राहिली असती.

वहीची आज एकशे चाळीस पाने भरली आहेत. छापण्याजोगी दोन-तीन असतील. उरलेली साठ पाने सत्रपरीक्षेपूर्वी भरतील, असा हिशेब आहे.

(द्वितीय वर्ष, कला)