शब्द बदलले, तरी लेख कुणाचा?

प्रश्न : मी गडकिल्ल्यांवर लिहितो. इतरांचे ऑनलाइन लेख घेऊन वाक्यं बदलली आणि मूळ लेखकाचं नाव दिलं, तर कायद्याने चालतं का?

उत्तर : किल्ला कधी बांधला, वाट कुठून जाते, ही माहिती कुणाच्या मालकीची नाही. ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हेच स्पष्ट केलं : कल्पना, विषय, ऐतिहासिक तथ्यं यांवर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो. तुमची अडचण नेमकी इथेच आहे. परिच्छेदांचा क्रम, उदाहरणं, युक्तिवाद तेच ठेवून नुसते प्रतिशब्द घातले, तर मांडणी उचललेलीच राहते. इंग्रजी लेखाचं मराठी भाषांतरही परवानगीशिवाय नको; १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तो हक्क मूळ हक्कधारकालाच दिला आहे. नाव जरूर द्या, पण त्याने परवानगी मिळत नाही. नोंदणी नाही म्हणून लेख मोकळा, हा समज तर सोडूनच द्या. परीक्षणासाठी मोजका उतारा श्रेयासह घेता येतो. मी तर म्हणेन, चार-पाच लेख वाचा, टिपणं काढा, लेख मिटून ठेवा आणि गड स्वतः पाहून मगच लिहा.