गुरूला तराजूत कसे घालावे?

गुरूचे वस्तुमान शास्त्रज्ञांनी कसे काढले असेल? ते काम गॅलिलिओने १६१० साली पाहिलेला आयो हा उपग्रह करतो. आयो गुरूपासून सुमारे ४,२२,००० किलोमीटरवर, तर चंद्र पृथ्वीपासून ३,८४,००० किलोमीटरवर आहे. अंतरांत फारसा फरक नाही; पण एका प्रदक्षिणेस चंद्राला २७.३ दिवस लागतात, आयोला अवघे १.७७! म्हणजे गुरूची ओढ कितीतरी जबर.

न्यूटनच्या नियमानुसार ग्रहाचे वस्तुमान अंतराच्या घनाच्या सम आणि प्रदक्षिणाकालाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. अंतर १.१ पट, त्याचा घन १.३३. काल १५.४ पट कमी, त्याचा वर्ग २३७. गुणाकार ३१५. अचूक उत्तर सुमारे ३१८ पृथ्वी! शनीच्या टायटनचे अंतर १२,२२,००० किलोमीटर, काल १५.९५ दिवस. आता शनीचे वस्तुमान तुम्हीच काढा.