काष्ठमुद्रा : कोरणाऱ्या हाताची विद्या

लाकडी फळीवर चित्र कोरून, तिच्यावर शाई फिरवून कागदावर उमटविलेल्या ठशास काष्ठमुद्रा म्हणतात. शाळेत या माध्यमाकडे बहुधा जोडविषय म्हणून पाहिले जाते. आम्हांस मात्र ते मोलाचे वाटते. येथे विचार करणारे डोके आणि राबणारा हात एकाच माणसाचे असतात. आणि सिद्ध झालेले चित्र एकाच भिंतीवर न अडकता अनेक घरी पोहोचते.

या विद्येचा बौद्ध परंपरेशी जुना संबंध आहे. छापल्याची निश्चित तारीख ज्यावर नोंदलेली आहे, असा जगातील सर्वांत जुना उपलब्ध संपूर्ण ग्रंथ म्हणजे इ. स. ८६८ मधील ‘वज्रच्छेदिका सूत्रा’ची चिनी प्रत. ती लाकडी ठशांवरूनच छापलेली आहे. वांग चिए नावाच्या गृहस्थाने आपल्या आईवडिलांच्या वतीने, सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी ती करविली, अशी नोंद तिच्या शेवटी आहे. कोरियातील हेइन्सा विहारात तेराव्या शतकात कोरलेले त्रिपिटकाचे ८० हजारांहून अधिक लाकडी ठसे आजही जतन केलेले आहेत. धम्म थोड्यांच्या कोठीत न राहता बहुजनांच्या हाती जावा, या इच्छेने ही कला वाढीस लागली.

ठसा कसा होतो, ते पाहू. प्रथम चित्र फळीवर उलटे उतरवितात. डावीकडचे उजवीकडे जाते आणि अक्षरे आरशातल्यासारखी दिसतात. जे पांढरे राहावयाचे, तेवढे कोरणीने काढून टाकतात. उंच राहिलेल्या भागासच रुळाने शाई लागते. त्यावर कागद ठेवून लाकडी चमच्याच्या पाठीने सावकाश घासले की चित्र उमटते. कोरताना हत्यार नेहमी अंगापासून दूर चालवावे आणि दुसरा हात पात्याच्या मागे ठेवावा. लाकडाच्या रेषा ओळखाव्या; आडव्या दिशेने घाई केली तर कपची उडते. एकदा गेलेले लाकूड परत येत नाही, म्हणून कोरण्यापूर्वी विचार करण्याची सवय लागते. छापलेल्या प्रतीखाली पेन्सिलीने ‘३/२०’ असे लिहितात. वीस प्रतींपैकी ही तिसरी, असा त्याचा अर्थ.

आपल्या प्रांतात या परंपरेचे स्मरण करताना चित्तप्रसाद (१९१५–१९७८) यांचे नाव घ्यावे लागते. बंगालात जन्मलेल्या या चित्रकाराने जातिवाचक आडनाव टाकले आणि केवळ ‘चित्तप्रसाद’ म्हणून सही केली. १९४३ च्या दुष्काळात मेदिनीपूरच्या गावांतून हिंडून त्यांनी भुकेल्या माणसांची रेखाचित्रे काढली. त्या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केल्या. पुढे ते मुंबईस आले व अंधेरीत दीर्घकाळ राहिले. लाकूड आणि त्याहून मऊ, स्वस्त असे लिनोलियम कोरून त्यांनी शेतकरी, मजूर आणि बालपणीच कामास जुंपलेली मुले चितारली. काळ्यापांढऱ्या दोनच रंगांत त्या मुलांची थकवा आणि माया दोन्ही दिसतात.

आपल्या समाजात हाताने राबणाऱ्यास शतकानुशतके खालचे स्थान दिले गेले. घडविणारा अनामिक राहिला. म्हणूनच पुण्याजवळील कार्ले येथील लेण्याची आठवण मोलाची आहे. त्या चैत्यगृहात आजही लाकडी कमानी टिकून आहेत, आणि तेथील एका शिलालेखात धेनुकाकट येथील वेणुवासाचा पुत्र सामी या सुताराचे नाव, प्रवेशमुख करणारा म्हणून, कोरलेले आहे. बौद्ध लेण्याच्या दाराशी कारागिराचे नाव सन्मानाने आले, हे आपल्या मुलांना सांगावयास हवे.

पालकांस व माजी विद्यार्थ्यांस आमची विनंती आहे की, घरातील मुलाच्या हाती मऊ लिनोलियमचा तुकडा आणि चांगली कोरणी द्यावी, व शेजारी मोठ्यांनी बसावे. विषय दूरचा नको. अंगणातले झाड, आईचे हात, वस्तीतला नळ पुरेसा आहे. दहा प्रती निघाल्या तर एक स्वतःजवळ ठेवावी, नऊ वाटाव्या, आणि प्रत्येकीखाली मुलाने आपले नाव स्वतः लिहावे.