परदेशवारीसाठी छोटा कॅमेरा : एक अभ्यास

(बी. ए. भाग २)

कॅमेऱ्याचा अभ्यास करण्याची पाळी माझ्यावर कशी आली ते आधी सांगते. माझे आजोळ देऊळगाव राजा तालुक्यातले. त्या भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बियाणे तयार करणारे शेतकरी पुष्कळ आहेत. माझे मामाही मिरचीचे बियाणे घेतात. गेल्या वर्षी शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यासदौऱ्यात त्यांचे नाव आले. नेदरलँड्समधली काचगृहे पाहायची, शेवटचे दोन दिवस फिरायचे आणि परत यायचे असा बेत होता. अशा दौऱ्यात खर्चाचा काही वाटा शासन देते, बाकीचा शेतकऱ्याने भरायचा असतो. आमच्या दोन्ही घरांत विमानात बसणारे मामा पहिले. महाविद्यालयात येणारी मी पहिली.

दिवाळीला मामा घरी आले तेव्हा म्हणाले, “बाई, एक लहानसा कॅमेरा घ्यायचाय. पंधरा हजारांच्या वर जायचं नाही. तू कॉलेजात जातीस, तूच सांग कोणता घ्यायचा.”

मी म्हटले, “मामा, मोबाइल आहे ना तुमच्याकडे?” त्यावर ते काहीच बोलले नाहीत. आईने नंतर कारण सांगितले. आईच्या लग्नात मामांनी कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला होता आणि छत्तीस फोटोंचा रोल स्वतः काढला होता. रोल संपल्यावर तो आधी उलटा गुंडाळून डबीत घ्यावा लागतो, मग मागचे झाकण उघडायचे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी भर मांडवात झाकण उघडले. उजेड लागून सगळा रोल गेला. त्या रोलमध्ये माझे आजोबा होते. त्यानंतर दोन वर्षांनी आजोबा वारले. त्यांचा दुसरा फोटो घरात नाही. मामांनी त्या दिवसापासून कॅमेरा हातात धरलेला नव्हता.

म्हणून हा प्रश्न मी गंभीरपणे घेतला. ग्रंथालयातली छायाचित्रणाची दोन जुनी पुस्तके वाचली, मेहकरच्या एका स्टुडिओवाल्या काकांकडे चार-पाच दुपारी बसले आणि जे समजले ते पुढे मांडत आहे.

छोट्या कॅमेऱ्याची वाटचाल

कॅमेरा म्हणजे मुळात अंधारी पेटी. पुढे भिंग, मागे उजेड टिपणारा पडदा. ही पेटी सामान्य माणसाच्या हाती यावी यासाठी अमेरिकेतील ईस्टमन यांच्या कोडॅक कंपनीने १९०० साली ‘ब्राउनी’ हा एक डॉलर किमतीचा कॅमेरा काढला. जर्मनीत ऑस्कर बर्नाक यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरून खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. तो ‘लायका’ नावाने १९२५ साली बाजारात आला. त्याच्या फिल्मवरची ३६ × २४ मिलिमीटरची चौकट हे माप पुढे सर्व जगाने धरले आणि आजही लेन्सची तुलना त्याच मापाने होते. आपल्याकडे ‘आग्फा क्लिक थ्री’ हा पेटीसारखा कॅमेरा कित्येक घरांत होता. १९८० च्या दशकात ‘हॉट शॉट’ आला. फिल्म उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचीही मिळे. तिचे नाव ‘इंदू’. स्टुडिओवाल्या काकांच्या कपाटात यातले दोन कॅमेरे अजून ठेवलेले आहेत.

फिल्म जाऊन तिच्या जागी विजेवर चालणारा सेन्सर आला. १९७५ साली कोडॅकमधील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी असा पहिला कॅमेरा जोडला. त्याचे वजन साडेतीन किलोच्या वर होते, चित्रात फक्त १०,००० बिंदू होते आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. पुढे २०१० साली जपानी कंपन्यांनी वर्षात १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले. त्यानंतर मोबाइलमधला कॅमेरा सुधारत गेला आणि छोट्या कॅमेऱ्यांचा खप कोसळला. आता नवे नमुने मोजकेच निघतात आणि चांगले असतात ते महाग असतात. पंधरा हजारांत जुना, वापरलेला कॅमेराच पाहावा लागणार हे येथेच स्पष्ट झाले.

डब्यावरचा आकडा

दुकानदार सर्वप्रथम मेगापिक्सेल सांगतो. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख बिंदू. हा आकडा किती हवा हे कागदावरून ठरते. चांगल्या छपाईला इंचाला ३०० बिंदू पुरतात. आपण नेहमी काढतो तो ४ × ६ इंची फोटो घ्या. १२०० गुणिले १८०० म्हणजे २१ लाख ६० हजार बिंदू. सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा नाही. भिंतीवर लावायचा १२ × १८ इंचांचा फोटो काढायचा तरी २० मेगापिक्सेलच्या आत भागते. तेव्हा या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

खरे महत्त्व सेन्सरच्या आकाराला आहे. अंगणात परात ठेवली तर वाटीपेक्षा जास्त पाऊस साचतो, तसेच हे आहे. साध्या छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे ६ × ४.५ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. ज्याला ‘एक इंची’ म्हणतात तो १३.२ × ८.८ मिलिमीटर असतो. एक इंच तो कोणत्याच बाजूने भरत नाही. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्याच्या नळीच्या मापावरून राहून गेले आहे. पण क्षेत्रफळ पहिल्याच्या चौपट असल्याने संध्याकाळी आणि घरात त्याचा फरक दिसतो. दुसरी गोष्ट लेन्सच्या भोकाची. लेन्सवर १.८, २.८ असे आकडे असतात. आकडा जितका लहान, तितके भोक मोठे. २.८ पेक्षा १.८ च्या भोकातून जवळजवळ अडीचपट उजेड आत येतो.

तिसरी गोष्ट झूमची. ऑप्टिकल झूममध्ये भिंगे पुढेमागे सरकतात आणि लांबचे खरोखर जवळ दिसते. डिजिटल झूम म्हणजे काढलेल्या फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करणे. तो घरी आल्यावरही करता येतो, म्हणून हा आकडा हिशेबात धरू नये.

लोणारला घेतलेली परीक्षा

पुस्तकातले खरे की खोटे हे पाहायला आम्ही लोणारला गेलो. भूगोल विभागाच्या सहलीमुळे ती जागा माझ्या ओळखीची होती, शिवाय तिथे अफाट उघडा देखावा आणि काळोखे मंदिर दोन्ही एकाच गावात मिळतात. स्टुडिओवाल्या काकांनी त्यांचा जुना छोटा कॅमेरा दिला. मामांचा मोबाइल होताच.

लोणारचे विवर बेसाल्ट खडकात अशनी आदळून झाले आहे आणि त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. काठावर उभे राहून ते एका फोटोत किती मावते? येथे मला दहावीची भूमिती उपयोगी पडली. अंतर्लिखित कोनाचे माप त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मे असते. विवराचा काठ हे वर्तुळ धरा आणि आपण त्या वर्तुळावर उभे आहोत असे समजा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने २४ मिलिमीटरची लेन्स आडवी धरली तर सुमारे ७४ अंश पाहते, म्हणजे काठाचा १४८ अंशांचा कंस फोटोत येतो. २८ ची लेन्स ६५ अंश पाहते, कंस १३० अंशांचा. ३५ ची ५४ अंश, कंस १०८ चा. पूर्ण काठापैकी अनुक्रमे ४१, ३६ आणि ३० टक्के. काचगृहाच्या आत मागे सरकायला जागा नसते, तेव्हा लेन्सचा सुरुवातीचा आकडा २४-२५ च्या आसपास हवा असे आम्ही लिहून ठेवले.

मग दैत्यसूदन मंदिरात गेलो. आत छतावर कोरीव काम आहे, पण उजेड थोडा. तिथे मोबाइलने बाजी मारली. तो एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो, म्हणून चित्र स्वच्छ आले. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात दाणे दिसले आणि हात हलल्याने एक फोटो पुसट झाला. उलट काठावरून समोरच्या उतारावरचे झाड जवळ आणायचे म्हटले तेव्हा मोबाइलचे चित्र फुटले आणि कॅमेऱ्यात फांद्या वेगळ्या दिसल्या. सर्व बाबतींत कॅमेराच श्रेष्ठ, असे म्हणता येणार नाही.

रंगाची परीक्षा मामांच्या शेतातच झाली. हिरव्या जाळीखाली काढलेल्या फोटोत मिरचीचे पिवळे पडलेले पानसुद्धा निरोगी दिसले. जाळीतून येणारा उजेडच हिरवा असतो. कॅमेऱ्यात ‘व्हाइट बॅलन्स’ म्हणून सोय असते. त्या उजेडात पांढरा कागद दाखवून ‘हे पांढरे’ असे कॅमेऱ्याला सांगितले की रंग बरेचसे जागेवर येतात. बियाण्याचा धंदा करणाऱ्याला पानाचा रंग चुकला तर फोटो निरुपयोगी, म्हणून ही सोय आवश्यक ठरली. जांभळट दिव्यांखाली मात्र हा उपायही अपुरा पडतो आणि परदेशातील काही काचगृहांत असे दिवे लावतात. तिथे पान दाराशी आणून फोटो काढावा.

निवड

मोबाइल चांगला असून कॅमेरा का घेतला, असे वाचक विचारतील. मामांचा मोबाइल भरलेला असतो, दिवसभर त्याची बॅटरी घरच्यांशी बोलायला आणि भाषांतराला लागणार, आणि परक्या देशात तो बंद पडला तर माणूस अडकतो. फोटोंचे काम वेगळ्या यंत्राला दिलेले बरे.

शेवटी काकांच्या ओळखीतून साडेसहा हजारांना एक वापरलेला कॅमेरा घेतला. लेन्स २५ पासून सुरू होणारी, ऑप्टिकल झूम पाचपट, पाच सेंटिमीटरवरून फोटो घेणारा, पांढऱ्या कागदाची सोय असलेला. जुना घेताना काकांनी तीन गोष्टी पाहायला लावल्या. लेन्स दहा वेळा आतबाहेर करून अडखळते का ते ऐकावे. कोऱ्या भिंतीचा फोटो काढून काळे ठिपके दिसतात का ते पाहावे. आणि बॅटरी फुगलेली नाही ना, नवी मिळते ना, हे विचारावे. आणखी एक बॅटरी आणि दोन मेमरी कार्डे घेतली. सुट्या बॅटऱ्या विमानात हातातल्या पिशवीतच ठेवायच्या असतात, खाली सामानात टाकायच्या नाहीत. नेदरलँड्सची वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, फक्त प्लगच्या पिना दोन आणि गोल.

जाण्याआधी पंधरा दिवस मामांनी रोज वीस फोटो काढायचे असे मी ठरवून दिले. पहिल्या दिवशी त्यांचा हात थरथरत होता. “याचं झाकण उघडलं तर?” त्यांनी विचारले. मी त्यांच्यासमोर कार्ड बाहेर काढले, उन्हात धरले, परत घातले आणि फोटो दाखवले. मग ते हसले.

परत आल्यावर

मामांनी ४१२ फोटो आणले. ठिबकच्या जोडण्या, टांगलेल्या कुंड्या, पानाच्या मागची बाजू, सारे नीट आले होते. गावातल्या आठ शेतकऱ्यांनी ते बसून पाहिले आणि दोन जोडण्यांची नक्कल आता आमच्या मामांच्या शेडनेटमध्ये झाली आहे. आजीसाठी चाळीस फोटो कागदावर काढले. ती एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहत होती. संपल्यावर तिने गठ्ठा खाली ठेवला आणि विचारले, “अन् यात तू कुठं हायस रे?”

मामा एकाही फोटोत नव्हते. माझ्या वहीत सेन्सर, लेन्स, झूम, रंग असे सर्व निकष होते. परक्या माणसाच्या हाती कॅमेरा दिला तर त्याला तो क्षणात वापरता येईल का, हा निकष नव्हता. स्वतःचा फोटो काढणारा टायमर त्या कॅमेऱ्यात होता, तोही मी शिकवला नव्हता. ज्या घरात आजोबांचा फोटो नाही, त्या घरातल्या मुलीने ही चूक करावी याचे मला फार वाईट वाटले. चार दिवसांनी सोबतच्या एका शेतकऱ्याच्या मोबाइलमध्ये मामांचा एक फोटो सापडला. टोमॅटोच्या उंच वेलींत ते उभे आहेत, गळ्यात कॅमेरा आहे. तो मागवून घेतला आणि ८ × १२ इंची काढून आजीच्या देवघराशेजारी लावला.

तेव्हा मित्रहो, छोटा कॅमेरा घेताना प्रथम घरी विचारावे की परत आल्यावर कोणाला काय पाहायचे आहे. त्यावरून लेन्स ठरते, उजेडाची गरज ठरते, पैसेही ठरतात. डब्यावरचे आकडे त्यानंतर वाचावेत. आणि प्रवासाला निघताना टायमर कसा लावायचा तेवढे मात्र अवश्य शिकून घ्यावे.